नदीच्या कोपरातलं शेत

जगात यंदा सोयाबीन किती पिकणार, हे एका बाईला पीक निघायच्या कितीतरी आधी ठाऊक असतं, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय. पण असतं. निदान ठाऊक असल्यासारखं असतं, आणि बाजाराला तेवढं पुरतं. बाई म्हणाली यंदा कमी, की इकडे तेलाच्या डब्याचा भाव चढतो, तिकडे कोंबड्या पाळणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळतं, आणि बंदरातले जहाजवाले लगेच दर वाढवून मागतात. बाई मात्र संध्याकाळी पिशवीत भाजी घालून चालत घरी जाते. रस्त्यात कुणाला पत्ताही नसतो, की हे सगळं हिच्यामुळे झालं.

कचेरीत तिला सोयाबाई म्हणत. त्यात अपमान नव्हता, तिथे सगळ्यांचं तसंच होतं. शेतमालाचे जागतिक अंदाज काढणारी ती कचेरी. कुठल्या देशात किती पेरा, किती उत्पादन, किती माल बाहेर जाणार आणि हंगामाअखेर गोदामांत किती शिल्लक उरणार, याचं पत्रक दर महिन्याला तिथून निघे. ज्याच्याकडे जे पीक, तेच त्याचं नाव. गहूवाला होता, तांदूळवाली होती, आणि एक साखरवाला होता. त्याला मधुमेह होता, आणि त्यावरचा तोच एक विनोद त्या बिचाऱ्याला प्रत्येक नव्या माणसाकडून नव्याने ऐकावा लागे. तो हसायचासुद्धा. या सगळ्यांच्या वर साहेब. ते कुठल्याच पिकाचे नव्हते, म्हणून त्यांना नुसतं साहेब म्हणत.

सोयाबाईचं कामाचं खूळ घरीही यायचं. नवऱ्याचं रंगांचं दुकान होतं, माणूस गमत्या. जेवताना मुद्दाम विचारायचा, "भाजीत मीठ कसं झालंय?" ती घास चावत विचार करून म्हणायची, "सरासरीपेक्षा किंचित जास्त, पण पुढच्या घासाला बदलू शकतं." नात्यात कुणाकडे कार्य निघालं की पाहुणे किती येतील हे हिला विचारत. ही कमीत कमी एवढे आणि जास्तीत जास्त तेवढे, असं सांगे, आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका वैतागून म्हणत, अगं, एक काय ते सांग ना.

पण एका बाबतीत बाई चिरेबंदी होती. पत्रक बाहेर पडेपर्यंत आकडा बाहेर जाता कामा नये, हा तिथला पहिला नियम. पत्रकाच्या दिवशी सगळ्यांना सकाळीच एका खोलीत कोंडत. फोन काढून घेत, पडदे ओढत, दारावर माणूस बसे. चहासुद्धा भिंतीतल्या एका झडपेतून आत सरकवायचे. आतले लोक आकडे जुळवत बसायचे आणि ठरलेल्या वेळी पत्रक जगाला मिळालं की मगच दार उघडायचं. कितीजणांनी तिला आडून-आडून विचारलं असेल. नवऱ्याच्या दुकानात तेलाचा एक व्यापारी यायचा, तो तर नुसता तिच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायचा प्रयत्न करायचा. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आणि हाच चिरेबंदीपणा तिला नडला. तो कसा, ते सांगतो.

तिला एक भाऊ होता. धाकटा. ती शाळेत असतानाच आई गेली. वडील फिरतीवर, आठवड्यातून एकदा घरी. त्या पोराला हिनेच न्हाऊमाखू घातलं, हिनेच रागावलं आणि हिनेच जवळ घेतलं. मटार सोलायला बसले की दोघांची पैज लागे. शेंग न फोडता आत दाणे किती ते सांगायचं. ती शेंग बोटांत धरून हळूच दाबून सांगे, आणि तिचं बरोबर येई. धाकटा चिडून म्हणायचा, तू चोरून बघतेस. शेंगेत चोरून कसं बघणार, हे त्याला काही सांगता यायचं नाही, पण भांडायचा मात्र मनापासून.

मोठा होऊन तो शेतकी शिकला आणि समुद्रापलीकडे गेला. तिकडे जमिनी अफाट, माणसं थोडी. त्याने एका मोठ्या नदीकाठी शेत घेतलं आणि सोयाबीन लावलं. दर रविवारी फोन करायचा. "ताई, नदी इथे कोपर टेकून बसलीय बघ," तो सांगायचा, "आणि त्या कोपराच्या आत माझं शेत." ती म्हणायची, "कोपरात बसलायस म्हणजे पुराचं बघ रे." तो म्हणायचा, तुला चांगलं काही सुचतच नाही.

मग एका वर्षी पत्रकाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. रविवार नव्हता.

"ताई, माल गोदामात पडलाय. भाव आत्ता बरा आहे. विकू की ठेवू?"

"मला विचारू नकोस," ती म्हणाली.

"तुला आकडा माहितीये."

"माहीत असला तरी मला सांगता येत नाही. ते तुलाही माहितीये."

"बरं, सांगू नकोस. मी काय म्हणतो ते ऐक. विकायचं असेल तर नुसतं हं म्हण. ठेवायचं असेल तर गप्प राहा."

झाली का पंचाईत! हं म्हणावं, तर आकडा फुटला. मला यात ओढू नकोस म्हणावं, तर त्यातून तो काय अर्थ काढेल कोण जाणे. फोन ठेवून द्यायचा होता की, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणेन. पण त्याचा फोन तिने जन्मात कधी आपण होऊन ठेवला नव्हता. ती मूग गिळून उभी राहिली. पलीकडून तो म्हणाला, "कळलं, ताई." आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं. जगात सोयाबीन उदंड झालं होतं, शिल्लक वाढणार होती, आणि भाव जो कोसळला तो दोन हंगाम वर आला नाही. धाकट्याने माल ठेवला होता. अर्धी जमीन त्याला सोडावी लागली. त्याने एकदाच फोन केला.

"तू मला ठेव म्हणालीस," तो म्हणाला.

"मी काहीच म्हणाले नाही रे."

"हो ना. काहीच म्हणाली नाहीस."

त्यानंतर फोन नाही. तिने लावला तर लागला नाही. नंबर बदललेला. निरोप धाडले, उत्तर नाही. पहिलं वर्ष ती रागात होती, की नियम मी केला होता का. दुसऱ्या वर्षी राग ओसरला आणि नुसती हुरहूर उरली. रविवारी दुपारी तिला घरात बसवत नसे. कपाटं आवर, भांडी पुन्हा घास, असलं काहीतरी काढायची. नवरा म्हणायचा, "अगं, जाऊन ये तिकडे." ती म्हणायची, "दारातून परत पाठवलं तर?" 

तेवढ्यात कचेरीत धाकट्याच्या देशाचं टेबल रिकामं झालं. त्या टेबलाला उपग्रहाची चित्रं मिळत, चांगली, बारीक, शेत न् शेत दिसेल अशी. सोयाबाईने ते टेबल मागून घेतलं. आता तिथे दुसरा नियम होता. ज्या मुलखात आपलं कुणी शेती करतं, त्या मुलखाचा अंदाज आपण काढायचा नाही. साहेब दर वर्षी प्रत्येकाला समोर बसवून विचारत, तिकडे कुणी नातेवाईक? गहूवाला नाही म्हणे, साखरवाला नाही म्हणे. सोयाबाईही नाही म्हणाली. जन्मात कधी खोटं न बोललेली बाई. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा कानशिलं तापली. पुढच्या वर्षी तेवढी तापली नाहीत.

सकाळी कचेरीत आली, की पर्स खांद्यावरच असे, आणि ही चित्र उघडायची. नदी शोधायची, नदीचं कोपर शोधायचं, आणि कोपराच्या आतला तो नखाएवढा तुकडा. आधी तपकिरी, मग पोपटी, मग गर्द, मग पिवळा, मग पुन्हा तपकिरी. त्याने कधी पेरलं, कधी कापलं, सगळं तिला कळे. एका वर्षी तुकड्याच्या कडेला पांढरा ठिपका उगवला.

"धाकट्याने गोदाम बांधलं," तिने घरी येऊन सांगितलं.

"फोन आला होता?" नवऱ्याने हातातलं काम टाकून विचारलं.

"नाही. दिसलं."

 तिने त्या आनंदात संध्याकाळी गोड केलं होतं, ते दोघांनी खाल्लं.

आता एक सांगायला हवं. भावासाठी तिने आकडा कधी तसूभरही वाकवला नाही. शेत बघायची ते बघायची, पण अंदाज काढताना, धाकट्याचं शेत होतं तो देशाचा सगळा उत्तर भाग चाळून, पावसाचे आकडे ताडून, डोळ्यांत तेल घालून काढायची. उत्तरेचा अंदाज सोयाबाईचा असला की साहेब तो वाचतही नसत, नुसती सही करत.

यंदा मात्र त्या मुलखावर पेरणीपासून ढग बसले ते हटेनात. चित्र उघडावं तर सगळा कापूस. ढगांच्या आरपार बघणारी दुसरी चित्रं मागवली होती, पण ती यायला अवकाश होता. अधूनमधून कुठेतरी ढग फाटत, आणि फाटले की सोयाबाई आधी कुठे बघणार, हे काय सांगायला हवं? कोपरातला तुकडा तपकिरी. आठवड्याने पुन्हा फट मिळाली, पुन्हा तपकिरी.  पेरणीचे दिवस उलटून गेले आणि शेत उघडंबोडकं. तिने शेजारच्या भागातल्या बातम्या काढल्या, तर दक्षिणेला नुसतेच ढग, पाऊस लांबलाच होता. मग उत्तरेलाही तसंच असणार. बी उगवलं नसेल. पेरा वाया गेला असेल. एकदा मनाने घेतलं की आकड्यांतही तसंच दिसायला लागतं. कोंडलेल्या खोलीत तिने उत्तर भागाचं उत्पादन पाचव्या हिश्श्याने खाली आणलं. गहूवाला म्हणाला, "एवढं?" ती म्हणाली, "मी बघितलंय." साहेबांनी सही केली.

बाईने एक शेत बघितलं आणि अख्खा मुलूख सुकवला. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती, कारण दुसरं कुणी त्या एका तुकड्यावर जीव लावून बसलं नव्हतं.

पत्रक निघालं आणि भाव भडकले. पत्रकानंतर तासभर कचेरीचा एक फोन सगळ्यांसाठी खुला असे. व्यापारी, शेतकरी, वर्तमानपत्रवाले, कुणीही विचारावं. त्याचेही नियम होते. फोन करणाऱ्याने नाव नाही सांगायचं, फक्त धंदा आणि मुलूख सांगायचा. आवाज सगळ्या टेबलाला ऐकू जाई, बोलणं ध्वनिमुद्रित होई, आणि उत्तर द्यायचं ते पत्रकात आहे तेवढंच. फोन कुठून आला हेही दिसायचं नाही. त्या दिवशी सगळे फोन सोयाबीनचेच होते. पेंडवाले ओरडले, तेलवाले ओरडले, सोयाबाई एकेकाला शांतपणे उत्तर देत होती. मग घंटा वाजली आणि टेबलाच्या मध्यावर ठेवलेल्या फोनच्या डब्यातून आवाज आला.

"उत्पादक. उत्तर भाग."

तीनच शब्द. सोयाबाईने हातातला कप खाली ठेवला. आवाज थोडा जाड झाला होता, पण आवाज तोच.

"तुमचं पत्रक मी दर महिन्याला वाचतो," आवाज म्हणाला. "उत्तरेचा अंदाज आजवर चुकलेला नाही. यंदा पीक एवढं कमी दाखवलंय, ते कशावरून?"

साहेबांनी तिच्याकडे हात केला. ती म्हणाली, "ढगांमुळे चित्रं थोडी मिळाली. जी मिळाली त्यांत नदीच्या पट्ट्यात पेरा झालेला दिसला नाही."

 आवाज आला, आधीपेक्षा हळू. "नदीचा पट्टा हिरवागार आहे, बाई. मी आत्ता दारात उभा राहून बघतोय. सगळ्यांचं पीक गुडघ्याच्या वर आलंय. एक तुकडा सोडून."

"कोपरातला," सोयाबाई म्हणाली.

गहूवाल्याने मान वर केली. पत्रकात कोपर नव्हतं.

"हो," आवाज म्हणाला. "कोपरातला. तो तुकडा तुम्ही... किती वेळा बघता?"

साहेबांनी हात उचलला. पत्रकाबाहेरचं बोलायचं नाही. सोयाबाईला तो हात दिसला. एक शब्द बोललो तर हे टेबल जाणार, टेबलाबरोबर चित्रं जाणार, आणि ती नदी पुन्हा दिसणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. तेवढंच तर तिच्याजवळ उरलं होतं.

"रोज," ती म्हणाली. "ढग असले तरी उघडून बसते. यंदा का पेरलं नाहीस रे?"

साहेबांचा हात तसाच वर राहिला. 

"पाय मोडला, ताई," तो म्हणाला. "यंत्रावरून पडलो. पेरणीच्या तोंडावरच. पेरणी संपेपर्यंत पडूनच होतो."

"आणि मला वाटलं, पाऊस नाही." ती म्हणाली. "शेत दिसतं रे मला तुझं. त्यात तू कुठे दिसतोस?"

मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, हा माझा भाऊ. तुम्ही दर वर्षी विचारलंत आणि दर वर्षी मी खोटं बोलले. उत्तरेचा आकडा चुकलाय. दुरुस्ती छापायला हवी."

साहेब भला माणूस होता, पण खुल्या फोनवर दर माणसाला ठरलेलीच मिनिटं मिळत, आणि ती यंत्रच मोजे. टूं-टूं सुरू झालं. त्या आवाजातून धाकट्याने घाईघाईने विचारलं, "ताई, घरचा नंबर तोच का?" ती म्हणाली, "तोच." त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. फोन तुटला, आणि लगेच दुसरा कुणीतरी पेंडवाला ओरडायला लागला.

दुरुस्ती तिनेच लिहिली. साहेबांनी तिला नोकरीवरून काढलं नाही. सोयाबीन गहूवाल्याकडे गेलं आणि तिला मिरी दिली. मिरीला उपग्रहाची चित्रं लागत नाहीत. संध्याकाळी गहूवाला तिच्या टेबलाशी आला आणि संकोचून म्हणाला, "एकदा बघून घेता का? उद्यापासून उघडणार नाही." तिने उघडलं. ढगच होते. तिने थोडा वेळ ढग बघितले आणि उठली.

मग सुरू झालं वाट बघणं. रविवार आला, गेला. तिने रजा टाकली. फोनच्या खोलीतच बसून राहायची. स्वयंपाकघरात गेली तर नळ बारीक सोडायची, का, तर घंटा ऐकू यायला हवी. नवरा दुकानातून फोन करायचा नाही, की उगाच हिचा जीव वरखाली नको. तो म्हणाला, "पाय मोडलाय ना त्याचा, फोनपर्यंत यायला वेळ लागत असेल." ती त्याच्यावर एवढी भडकली, की तो दुकानात जाऊन बसला. मनातून ती हरत चालली होती. ऐकू गेलंच नसेल त्याला. किंवा ऐकू गेलं असेल, आणि ढगांच्या भरवशावर त्याचा सगळा मुलूख सुकवणाऱ्या बहिणीशी आता आणखी काय बोलायचं, असं वाटलं असेल.

पुढच्या रविवारी घरातलं दूध नासलं. नवरा म्हणाला, मी आणतो. ती म्हणाली, "नको. मीच जाते. बसून बसून वेड लागेल मला." खाली कोपऱ्यावरच तर दुकान. तिने पिशवी घेतली, चपला घातल्या, दोनदा मागे वळून बघितलं आणि गेली. पाचएक मिनिटं लागली असतील. जिना चढून वर येते तर आतून नवऱ्याचा आवाज. मोठमोठ्याने, भलत्याच उत्साहात.

"नाही नाही, पत्र्याला थेट रंग मारायचा नाही. आधी घासून काढायचं. मग प्रायमर. किती हात? दोन! एका हातात भागत नाही. कोण म्हणालं तुला एक पुरेल? आणि गंज कुठल्या बाजूला आहे म्हणालास? नाही, थांब, ते आधी सांग. घाई काय आहे तुला..."

दूध हातात धरून ती दारातच उभी राहिली. या माणसाने धाकट्याशी आयुष्यात कधी चार वाक्यांपलीकडे बोलणं केलं नव्हतं. मेव्हण्याशी काय बोलावं हे त्याला कधी सुचलंच नाही. आणि आता घामाघूम होऊन, फोन दोन्ही हातांनी धरून, तो गोदामाच्या पत्र्याला रंग कसा लावायचा ते सांगत सुटला होता, केवळ पलीकडच्याने फोन ठेवू नये म्हणून. तिला बघताच तो मध्येच थांबला. "आली," तो म्हणाला. "आली बघ. देतो. ठेवू नकोस हं."

तिने फोन कानाला लावला. एवढ्या वर्षांत मनात किती बोलणी जुळवली होती, त्यातलं एक आठवेना.

"ताई," तो म्हणाला. "लावत होतो सारखा, मग धीर सुटायचा. ठेवून द्यायचो."

"पाय कसा आहे?" तिने विचारलं.

"बरा आहे. चालतो आता."

"लंगडतोस?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"थोडा म्हणजे थोडा, ताई. कसं सांगू?"

"चालून दाखव," ती म्हणाली.

"फोनवर कसं दाखवू?"

"चाल म्हणते ना."

त्याने काही वाद घातला नाही. फोन खाली कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. तिकडे लाकडी जमीन असावी. एक पाऊल नीट पडलं. दुसरं घासत आलं. पुन्हा एक नीट, पुन्हा एक घासत. भिंतीपर्यंत गेला, वळला, आणि तसाच परत यायला लागला. नवऱ्याने तिच्या हातातली दुधाची पिशवी काढून घेतली, तेही तिला कळलं नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. फोन उचलून त्याने विचारलं, "ऐकलंस?" 

"अजून एकदा," ती म्हणाली. तो पुन्हा चालायला लागला.